नवजात अर्भकांच्या मेंदूतील इजा व मूलपेशी उपचार : सुरक्षितता चाचणीचा अर्थ

प्रस्तावना :

जन्माच्या सुमारास अर्भकाच्या मेंदूचा रक्त व प्राणवायूचा पुरवठा खंडित झाल्यास होणारी हानी बहुधा आयुष्यभराची असते. सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, बौद्धिक मर्यादा यांपैकी एक वा अनेक व्याधींसह ते मूल वाढते. अशा अर्भकांना मूलपेशी देऊन मेंदूच्या दुरुस्तीस साहाय्य करता येईल काय, या प्रश्नावर दीर्घकाळ संशोधन सुरू आहे. त्याविषयीच्या बातम्यांत 'उपचार सुरक्षित' असे म्हटले जाते, तेव्हा 'सुरक्षित' या शब्दाचा शास्त्रीय अर्थ सामान्य वाचक समजतो त्यापेक्षा बराच मर्यादित असतो. हा अर्थ एका प्रत्यक्ष चाचणीच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

उट्रेक्ट येथील चाचणी :

नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठ वैद्यकीय केंद्रात फेब्रुवारी २०२० ते एप्रिल २०२१ या काळात 'पॅशन' या चाचणीसाठी अर्भकांची नोंदणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'द लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जन्माच्या सुमारास मेंदूतील रोहिणी तुंबून पक्षाघात झालेली १० अर्भके तीत होती. लक्षणे दिसल्यापासून सात दिवसांच्या आत प्रत्येकास, दात्याच्या अस्थिमज्जेपासून वाढविलेल्या साडेचार ते पाच कोटी मेसेन्कायमल मूलपेशी एकदाच देण्यात आल्या. आणि त्याही शिरेतून नव्हे, तर नाकात थेंब सोडून.

नाकाचा मार्ग निवडण्यामागे कारण आहे. शिरेवाटे दिलेल्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुप्फुसांतील केशवाहिन्यांत अडकतात. नाकाच्या छताशी मात्र चाळणीसारखे सच्छिद्र हाड असते. नाकात सोडलेल्या पेशी मेंदूतील इजा झालेल्या भागापर्यंत पोहोचतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले होते. तेथे त्या स्वतः चेतापेशी बनून राहत नाहीत. वाढीस पोषक अशी द्रव्ये स्रवून त्या मेंदूच्या स्वतःच्या पेशींना दुरुस्तीस प्रवृत्त करतात आणि अल्पावधीत नाहीशा होतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे नाहीसे होणेच मोलाचे आहे, कारण टिकून राहून अनिर्बंध वाढणारी पेशी म्हणजे अर्बुदाची भीती. म्हणूनच उपचार केलेल्या उंदरांचे सुमारे १४ महिने निरीक्षण करून अर्बुदांचा शोध घेण्यात आला. ती आढळली नाहीत. उंदराचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे असते हे ध्यानात घेता हा काळ थोडा नव्हे.

अर्भकांच्या बाबतीत पेशी देण्यापूर्वी व दिल्यानंतर शारीरिक स्थिती आणि रक्तातील दाहदर्शक घटक तपासण्यात आले; तीन महिन्यांनी मेंदूचे एमआरआय चित्रण झाले. एका अर्भकास सौम्य ताप आला व तो उतरला. गंभीर दुष्परिणाम एकाही अर्भकात नोंदला गेला नाही. तुलनेसाठी नियंत्रण गट नव्हता. त्यामुळे गुण येतो किंवा नाही, याचे उत्तर ही चाचणी देऊ शकत नव्हती आणि तसा तिच्या कर्त्यांचा दावाही नव्हता.

दहापैकी शून्य :

दहापैकी एकासही गंभीर अपाय झाला नाही, म्हणजे अपायाची शक्यता शून्य आहे असे नव्हे. समजा, एखाद्या उपचाराने दर पाचांपैकी एका अर्भकास अपाय होतो. तरीही सलग दहा अर्भके सुखरूप राहण्याची संभाव्यता ०.८ चा दहावा घात, म्हणजे सुमारे १०.७ टक्के निघते. नाणेफेकीत सलग तीनदा छापा पडण्याहून ती थोडीच कमी आहे. संख्याशास्त्रातील 'तीनच्या नियमा'नुसार, काही निरीक्षणांत एखादी घटना एकदाही घडली नाही, तर तीनला निरीक्षणांच्या संख्येने भागून त्या घटनेच्या प्रमाणाची ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा मिळते. दहा अर्भकांसाठी ती ३० टक्के येते. नेमक्या गणिताने सुमारे २६. ती एक टक्क्यावर आणावयाची तर ३०० अर्भके हवीत. पदवी वर्गात संभाव्यता शिकविताना फाशांऐवजी हे उदाहरण घेण्यास हरकत नसावी.

शिवाय काळाचाही प्रश्न आहे. बालकाचा कारक विकास कसा होतो, याचे बऱ्यापैकी विश्वसनीय चित्र दुसऱ्या वर्षाच्या सुमारास मिळते, तर वाचन व अवधानातील अडचणी शाळेतच उघड होतात.

भारतीय संदर्भ :

एका देशातील सुरक्षितता दुसऱ्या देशात जशीच्या तशी लागू होत नाही, याचा कटू अनुभव याच क्षेत्रात आलेला आहे. जन्मवेळी श्वास कोंडल्याने मेंदूला इजा झालेल्या अर्भकाचे शरीर ३३ ते ३४ अंश सेल्सिअस तापमानावर ७२ तास थंड ठेवणे, हा श्रीमंत देशांत प्रस्थापित झालेला उपचार होय. भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील ४०८ अर्भकांवर झालेल्या 'हेलिक्स' चाचणीत मात्र, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, थंड ठेवलेल्या गटातील मृत्यूचे प्रमाण ४२ टक्के, तर नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात ३१ टक्के होते. मृत्यू व अपंगत्व यांचा एकत्रित विचार करताही लाभ दिसला नाही. उट्रेक्टच्या दहा अर्भकांवरून भारतातील प्रसूतिगृहांसाठी निष्कर्ष काढणे कितपत योग्य, हे यावरून उमगावे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता अन्य मूलपेशी उपचार परवानगी घेतलेल्या चाचणीबाहेर देता येत नाहीत. मुलाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळरक्त साठवून ठेवण्यासही ही तत्त्वे शास्त्रीय आधार मानत नाहीत. नाळरक्तपेढ्यांच्या जाहिराती वाचून पैसे भरणाऱ्या पालकांपर्यंत हे सहसा पोहोचत नाही. २००७ मध्ये ही तत्त्वे प्रथम प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या शीर्षकात 'मूलपेशी संशोधन व उपचार' असे शब्द होते. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्यातील 'उपचार' हा शब्द हेतुपुरस्सर वगळण्यात आला.