ऊस एक, भाषा अनेक



गळीत हंगाम जवळ आला की आम्ही खते, पाणी, तोडणी यांवर लिहितो. या वेळी बोलण्यावर लिहितो आहोत, कारण न कळलेल्या शब्दानेही उसाचे नुकसान होते.

तोडणीला बीडकडून टोळ्या येतात, तशा खानदेशातूनही येतात. कुणी घरी गोरमाटी बोलते, कुणी भिली, कुणी पावरी. मुकादमाला मराठी येते, पण तो दिवसभर फडात नसतो. मागे एका सभासदाने बांधावरूनच सांगितले, "जमिनीलगत तोडा." सगळ्यांनी माना डोलावल्या, अन् चार बोटे बुडखे मागे राहिले! साखर जास्त असते ती बुडाकडच्या कांड्यांत. म्हणजे वजन गेले, साखर गेली आणि वरच्या डोळ्यांतून खोडव्याचे फुटवेही कमजोर आले. दोष टोळीचा नव्हता, सांगण्याचा होता. पुढच्या फडात आम्ही कोयता घेऊन पहिली सरी स्वतः तोडून दाखवली. मग फारसे बोलावे लागले नाही.

आता आमची चूक. आम्ही 'रिकव्हरी', 'ब्रिक्स', 'एफ.आर.पी.' असे बोलत सुटतो. 'उतारा' म्हटले तर सभासदाला सात-बारा आठवतो! साखर उतारा १० टक्के म्हणजे १ टन उसातून १०० किलो साखर. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले सगळे घन पदार्थ. ती नुसती साखर नव्हे. एफ.आर.पी. म्हणजे केंद्र सरकार ठरवते तो रास्त व किफायतशीर दर. तो साखर उताऱ्याशी जोडलेला असतो.

न कळणाऱ्या कागदाचे दुःख आपल्या वैजापूर तालुक्याला नवे नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. तिथली राजभाषा उर्दू, घरात मराठी. ज्याला कागद वाचता येत नसे, त्याला दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबून अंगठा उठवावा लागे. आज तीच गत इंग्रजी अक्षरांच्या पावतीने होऊ नये.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. टोळीला पहिली सरी तोडून दाखवावी. "कळलं का?" असे न विचारता "आता तुम्ही करून दाखवा" म्हणावे. काट्याच्या पावतीवरील नाव, जात, वजन चिटबॉयकडून मराठीत वाचून घ्यावे.

विचारण्यात कमीपणा नाही. आम्हाला मराठीत सांगता आले नाही, तर कमीपणा आमचा.