गोसेखुर्दच्या तळाचा जमाखर्च

नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळतं आणि भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणात येऊन थांबतं. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणाच्या पाण्याबद्दल तक्रारी भरपूर होतात. तळच्या गाळाबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

डीडीटी, पीसीबी यांसारखी चिवट रसायनं पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. चिकणमातीच्या बारीक कणांना, त्यातही कुजक्या सेंद्रिय अंशाला ती धरून बसतात. त्यामुळे पाण्याचा नमुना पास झाला तरी तळ निर्धोक असेलच असं नाही.

गाळाचा तपास नळीने सुरू होतो. ती तळात उभी दाबून थर न विस्कटता गाळ वर काढतात आणि त्याचे पातळ काप करतात. कापातलं शिसं-२१० दर बावीसेक वर्षांनी निम्मं होतं, त्यावरून थराचं वय कळतं. काप गोठवून सुकवायचा, सॉक्सलेट उपकरणात द्रावकाने तासन्‌तास धुवायचा. गाळातलं गंधक मोजणीत घोळ घालतं म्हणून तांब्याची पूड टाकतात. पूड काळी पडणं थांबलं की गंधक संपलं. पुढे रसायनं वेगळी करून मोजण्याचं काम गॅस क्रोमॅटोग्राफचं. प्राणवायू असेल तिथे डीडीटीचं मुख्यतः डीडीई होतं, नसेल तिथे डीडीडी. मूळ डीडीटीच जास्त सापडलं, तर ते अलीकडचं असण्याचा संशय घ्यायचा.

पण विष किती आहे याहून ते हलतं कसं, हा प्रश्न अवघड. त्यासाठी काचेच्या टाकीत गाळ, वर पाणी आणि गाळात ट्यूबिफेक्स कृमी सोडतात. हे कृमी खालचं खाऊन वर विष्ठा टाकतात. पुरलेलं विष पुन्हा पृष्ठावर येतं. कणांपासून काही अंश काही तासांत सुटतो, उरलेला सुटायला महिने, वर्षं लागतात. घाईची चाचणी म्हणूनच फसवी.

तळ चरणारा मृगळ मासा हाच गाळ खातो, आणि ढीवरांच्या जाळ्यातून तो ताटात येतो.

चिवट प्रदूषकांवरचा स्टॉकहोम करार भारताने २००६ मध्ये स्वीकारला. त्याचं प्रादेशिक केंद्र नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत, म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या शेजारीच आहे. इकडे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांचा गाळ वावरात जातो. योजना चांगलीच, पण ज्या तलावात सांडपाणी उतरतं, तिथला गाळ उचलण्याआधी ग्रामसभेने तपासणीचा अहवाल मागावा.