पालक न्यायमूर्ती

एखाद्या जिल्ह्यातील न्यायालयांवर प्रशासकीय देखरेख ठेवण्याचे काम उच्च न्यायालयाच्या ज्या न्यायमूर्तींकडे सोपविलेले असते, त्यांना महाराष्ट्रात रूढ असलेली संज्ञा. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३५ अन्वये जिल्हा न्यायालये व त्यांना दुय्यम असलेली न्यायालये उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली येतात. त्या नियंत्रणाचे हे व्यावहारिक अंग होय. हिंगोली जिल्हा (स्थापना १९९९) मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या (१९८१) क्षेत्रात मोडतो. तेथील वारंगा फाट्यासारख्या (ता. कळमनुरी) गावचा बांधाचा दावा प्रथम ज्याच्यापुढे येतो, तो दिवाणी न्यायाधीश अनेकदा सेवेत नवखा असतो. उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत त्यास कार्यपद्धती शिकविली जाते. साक्षीदारास कितपत बोलू द्यावे, तहकुबी केव्हा नाकारावी, हे मात्र ज्येष्ठांच्या मार्गदर्शनानेच उमगते.

या पालकत्वास एक कठोर मर्यादा आहे. चुकलेला निकाल अपिलात फिरविता येतो. प्रलंबित दाव्याचा निर्णय सुचविणे सर्वथा गैर ठरते. सल्ला देणारा व सेवाविषयक अभिप्राय नोंदविणारा एकच असल्यास सल्ल्यास आज्ञेचे वजन येते, हा धोका काल्पनिक नाही. उलट बाजूने, तक्रारींच्या भीतीपासून न्यायाधीशाचे रक्षणही करावे लागते. वकिलांच्या तक्रारींनंतर सेवामुक्त केलेल्या हरियाणातील परिवीक्षाधीन न्यायाधीशाच्या प्रकरणात (ईश्वरचंद जैन, १९८८) सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि कनिष्ठ न्यायाधीशांस मार्गदर्शन व संरक्षण देणे हे उच्च न्यायालयाचे संविधानिक कर्तव्य मानले.