मांजराचे मुके दुखणे

मांजर डोळे मिटून दूध पिते, अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. म्हणीचा रोख माणसांवर आहे, मांजरावर नाही, हे उघडच आहे. तरीपण अशा म्हणींनी मांजराविषयीची आपली समजूत कायमची ठरवून टाकली आहे. मांजर म्हटले की दुधाची बशी; मांजर म्हटले की चुलीजवळची ऊब; मांजर म्हटले की कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवर उभा राहणारा चिवट जीव. मी तीस वर्षे पशुवैद्य म्हणून काम केले. माझ्यासमोर आणलेल्या मांजरांपैकी पुष्कळांना रोगजंतूंपेक्षा या समजुतींनीच अधिक पछाडलेले होते, असे म्हणावेसे वाटते.

आरंभी माझ्याच घरची एक गोष्ट सांगतो. मी शाळेत असताना आमच्याकडे एक पिवळा बोका होता. एका सकाळी तो न्हाणीघराच्या कोपऱ्यात जाऊन बसला, उठला, पुन्हा बसला. दिवसभर त्याचे असेच चालले होते. वडीलधाऱ्यांनी निदान केले की, याचे पोट साफ होत नाही. आजीने मोठ्या मायेने त्याला चमचाभर एरंडेल पाजले. दुसऱ्या दिवशी बोका कपाटाखाली जाऊन निपचित पडला. तो ओरडला नाही, त्याने त्रागा केला नाही. तेव्हा आम्हीही म्हटले, पडू द्या, विश्रांती घेतो आहे. तिसऱ्या दिवशी तो गेला. पुढे कित्येक वर्षांनी पशुवैद्यक महाविद्यालयात एक पाठ ऐकत असता माझ्या एकाएकी ध्यानात आले की, त्याला मलावरोध झालाच नव्हता. त्याची लघवी तुंबली होती. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी अतिशय अरुंद असते. तीत खड्याचे बारीक कण किंवा चिकट द्रव्य अडकले म्हणजे मूत्राशय फुगतो, रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि दोनतीन दिवसांत हृदय थांबते. पहिल्याच दिवशी नळी घालून वाट मोकळी केली असती, तर तो बहुधा वाचला असता. घरातल्या कोणाचेही त्याच्यावर प्रेम कमी नव्हते. उणे होते ते एवढेच, की त्याचे शरीर आम्ही आमच्या शरीरावरून ओळखू पाहत होतो.

हे शरीर आले कोठून? सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले. तो शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००७ साली आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून असे दिसून आले की, जगातील यच्चयावत पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशियातील रानमांजराच्या एकाच शाखेत आहे. धान्याच्या कोठारातील उंदरांच्या मागे हे जनावर आपण होऊन माणसाच्या वस्तीत आले. त्याला कोणी पकडून आणले नाही, आणि गायी-घोड्यांप्रमाणे त्याची घडणही कोणी फारशी बदलली नाही. रुक्ष प्रदेशात एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्याचे शरीर व स्वभाव घेऊनच ते आज आपल्या पलंगावर झोपते. त्याला तहान थोडी लागते, कारण त्याच्या पूर्वजांना पाणी भक्ष्याच्या मांसातूनच मिळत असे. आणि ते दुखणे लपविते, कारण रानात जो एकटा आहे आणि आजारी दिसतो, त्याला दुसरा कोणीतरी खातो. कुत्रा कळपातला, तो कण्हतो, जवळ येतो, पाय पुढे करतो. मांजर कपाटाखाली जाते. मांजर पाळणाऱ्याने ही एक गोष्ट मनाशी बाळगली, तरी निम्मे वैद्यक हाती आल्यासारखे आहे. जे मांजर एकाएकी लपू लागले, अंग चाटून स्वच्छ करीनासे झाले, उडी मारण्यापूर्वी विचार करू लागले, किंवा विष्ठेच्या वाळूत बसून उगाच कुंथू लागले, ते ओरडून सांगतेच आहे. फक्त आवाज नाही. आणि बोका कुंथत असून लघवीचा थेंब येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये.

आता दुधाकडे वळू. वाढलेल्या मांजराच्या आतड्यात दुधातील साखर पचविणारे द्रव्य फार थोडे उरते. त्यामुळे दुधाची बशी म्हणजे कित्येकदा जुलाबाचे निमित्त ठरते. पण दुधाहून मोठा प्रश्न दूधभाताचा व दूधपोळीचा आहे. आमच्या आज्या-पणज्यांनी दूधभातावरच मांजरे पोसली, असे पुष्कळ लोक मला सांगतात, आणि ते खोटे नाही. मात्र त्या मांजरांचा खरा स्वयंपाक घरात होत नसून माळ्यावर, परसात आणि गोठ्यात होत होता. दूधभात हा त्यांचा वरचा घास होता; जेवण उंदरांचे, पालींचे आणि पाखरांचे होते. तेच मांजर आपण पाचव्या मजल्यावरील बंद ब्लॉकमध्ये आणले, उंदीर नाहीसा झाला आणि दूधभात तेवढा राहिला!

मांजराला टॉरिन नावाचे एक द्रव्य लागते. ते प्राण्यांच्या मांसात असते, वनस्पतींत जवळजवळ नसते, आणि मांजराचे शरीर ते स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही. त्याच्या अभावी मांजराचे दृष्टिपटल झिजते, हे अमेरिकन संशोधकांनी १९७५ साली दाखवून दिले. त्यानंतर १९८७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील पशुवैद्यांनी सिद्ध केले की, याच उणिवेने हृदयही फुगून दुबळे होते, आणि टॉरिन दिल्यावर पुष्कळदा ते सुधारते. यांतील काही मांजरे कारखान्यातील तयार खाद्यावर वाढलेली होती. तेव्हा त्या खाद्यांतील टॉरिनचे प्रमाण पुढे वाढविण्यात आले. ज्यांच्या घरी मांसाहार नाही, त्यांची अडचण मला समजते. मी येथे धर्माचा किंवा नीतीचा प्रश्न उपस्थित करीत नाही, शरीराचा करतो. अशा घरी मांजरासाठी मुद्दाम तयार केलेले पूर्णान्न आणावे. कुत्र्याचे खाद्य त्या जागी चालत नाही. घरी मासळी वा कोंबडी शिजवून द्यावयाची, तर कांदा, लसूण व काटे वगळावेत, आणि शिजविलेले पाणी ओतून टाकू नये, कारण टॉरिनचा बराचसा अंश त्यात उतरतो. नुसत्या उकडलेल्या मांसावरही मांजर कायमचे ठेवू नये; बाकीची भर कोणती घालावी, ते पशुवैद्याला विचारावे.

लंघन हे परम औषध, असे आपण मानतो. मांजराच्या बाबतीत हा नियम उलटा आहे. विशेषतः लठ्ठ मांजराने दोनतीन दिवस अन्न सोडले, तर अंगातील चरबी यकृतात साठून ते यकृत निकामी होऊ लागते. दिवसभर मांजर जेवले नाही, तर कारण शोधावयास लागावे.

औषधाच्या कपाटाविषयी तर मला कळकळीने सांगावयाचे आहे. तापासाठी आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. अर्धी गोळीदेखील प्राण घेण्यास पुरते. हे द्रव्य निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची जी सोय आपल्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात अत्यंत तोकडी आहे. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात, श्वास लागतो. त्याच तोकडेपणामुळे फिनेलही मांजराला बाधते. आपण फरशी स्वच्छ पुसतो, मांजर ओल्या फरशीवरून चालते आणि मग कोपऱ्यात बसून पंजे चाटते. कपड्यांतील डांबराच्या गोळ्या, उंदीर मारण्याचे औषध, आणि कुत्र्याच्या मानेवर गोचीड जाण्यासाठी घालावयाचे परमेथ्रिनचे थेंब, ही सारी मांजराच्या वाऱ्यालाही नकोत. हल्ली पुष्पगुच्छांत लिलीची मोठी फुले असतात. त्यांचे पराग अंगावर पडले आणि मांजराने चाटले, तरी मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

उंचावरून पडूनही मांजर वाचते, ही समजूत निराधार नाही. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात पाच महिन्यांत उंच इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे आली होती. त्यांचा वृत्तांत १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार केलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मांजरे वाचली. हा आकडा लोक फार आनंदाने सांगतात. पण जी जागच्या जागी मेली, ती रुग्णालयात कोण आणणार? आणि जी वाचली, त्यांतील कित्येकांच्या छातीला मार होता, टाळू दुभंगली होती, पाय मोडले होते. मुंबई-पुण्याच्या, किंवा दिल्ली-बंगळूरच्या गॅलरीत कबुतर येऊन बसले की मांजराचे सारे शहाणपण संपते. खिडक्यांना व गॅलरीला मजबूत जाळी बसविणे हा त्यावर एकच उपाय आहे.

लशीविषयी थोडक्यात सांगतो. पिलू आठ आठवड्यांचे झाले म्हणजे तीन रोगांची एकत्र लस सुरू करावी, आणि सोळा आठवडे पुरे होईपर्यंत तीनचार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी. तीन महिने झाल्यावर रेबीजची लस. मांजर अनोळखी असो वा लाडके, त्याने चावा घेतला तर जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. राहिली नसबंदी. मांजरी चारपाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि पिले अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहते. ‘एकदा तरी पिले होऊ द्यावीत’ असे म्हणणारे सद्गृहस्थ ती पिले पुढे कोठे ठेवणार, हे सांगत नाहीत. ती कोठे जातात, हे मला ठाऊक आहे.

ती आश्रयस्थानात जातात. जनावरांना आसरा देण्याची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ साली स्थापन झाला. आजच्या आश्रयस्थानांत मांजरे येतात ती पिलांच्या रूपाने, आणि दुसरी येतात ती भीतीपोटी. सुनेला दिवस गेले की सासूबाई म्हणतात, मांजर घराबाहेर काढा. या भीतीच्या मागे टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म जंतू आहे, आणि मांजराशी त्याचा संबंध १९७० च्या सुमारास सिद्धही झाला आहे. परंतु मांजराच्या विष्ठेतून पडलेला हा जंतू निदान एक दिवस गेल्यावाचून संसर्ग करीत नाही. आणि मांजर तो आयुष्यात बहुधा एकदाच, आठपंधरा दिवस टाकते. विष्ठेची वाळू रोजच्या रोज घरातील दुसऱ्या कोणी काढावी, गर्भवतीने बागेतील मातीत हात घालताना मोजे वापरावेत, भाजी धुवावी, मांस पुरते शिजवावे. मांजर घरातच राहू द्यावे.

एका आश्रयस्थानात मी काही वर्षे विनावेतन जात असे. पावसाळ्यातील एका संध्याकाळी दाराशी कोणीतरी खोक्यात तीन पिले ठेवून गेले. तेथील सेवकाचे अंतःकरण द्रवले. त्याने ती पुसून कोरडी केली आणि ऊब मिळावी म्हणून इतर पिलांच्या खोलीत नेऊन ठेवली. मी ते पाहिले आणि काही बोललो नाही. पंधरवड्याच्या आत त्या खोलीतील बहुतेक पिले उलट्या आणि रक्ती हगवणीने मेली. त्या रोगाला पॅनल्युकोपेनिया म्हणतात. त्याचा विषाणू भांड्यावर, कपड्यावर, फटीत वर्षभरही तग धरतो. हाताला चोळण्याच्या अल्कोहोलला तो दाद देत नाही. आधी साबणाने घाण काढून मग एक भाग द्रव ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी या मिश्रणाने जागा दहा मिनिटे ओली ठेवली म्हणजे तो मरतो. त्यानंतर आम्ही नियम केले : नवे मांजर आले की त्याच दिवशी लस, आणि दोन आठवडे वेगळी खोली, साफसफाई करताना आधी निरोगी पिले, शेवटी आजारी मांजरे, आणि जागा संपली की दार बंद. या शेवटच्या नियमावरून पुष्कळ वाद झाला. दाराशी आलेल्या जीवाला नाही म्हणणे कोणालाही सोपे नसते. पण चाळीस मांजरांच्या जागेत ऐंशी मांजरे ठेवली, तर नवी चाळीस वाचत नाहीत आणि जुनीही जातात.

गर्दीचे दुसरे फळ म्हणजे शिंका आणि वाहणारे डोळे. सर्दीच्या एका विषाणूची लागण झालेले मांजर बहुधा तो जन्मभर अंगात बाळगते. भीती आणि ताण वाढला की तो पुन्हा उठतो. म्हणजे आश्रयस्थानात मांजराचे भय कमी करणे हाही औषधोपचारच होय. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक अगदी साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आश्रयस्थानात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० मांजरांना लपावयास एक पेटी दिली, ९ मांजरांना दिली नाही. पेटी मिळालेली मांजरे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पुष्कळ सावरली. इतरांना बराच अधिक काळ लागला. पेटी म्हणजे काय, तर एक खोके. कोणत्याही किराणा दुकानात ते फुकट मिळते.

आश्रयस्थानातून मांजर घरी आणावयाचे असेल, तर त्याला पहिल्या दिवशी सारे घर दाखवू नये, आणि शेजाऱ्यांना मांजर दाखवावयास बोलावू नये. एक लहान खोली, खोके, पाण्याचे पसरट भांडे, त्यापासून दूर वाळूचे घमेले, एवढे पुरे. आपण जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचावे. ते बाहेर न आले तरी हरकत नाही. अन्न संपले की नाही आणि वाळू ओली झाली की नाही, एवढे मात्र रोज सकाळी पाहावे.