नाव, भेद आणि स्पर्धा : न्यूयॉर्कमधील ‘क्लासिक रॉक’ नभोवाणी केंद्रे

एकाच शहरात एकाच प्रकारचे संगीत ऐकविणारी दोन-तीन नभोवाणी केंद्रे असली, की त्यांच्यात स्पर्धा आहे असे आपण म्हणतो. आणि प्रत्येक केंद्राने आपल्या संगीतास निराळे नाव दिले, की श्रोत्यास विविधता लाभली असे मानतो. यांपैकी दुसरा समज मुळात शब्दार्थाविषयीचा आहे. म्हणून भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्याची तपासणी करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम संज्ञेचा विचार करू. ‘क्लासिक रॉक’ हे नाव अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात रूढ झाले. साधारणतः १९६५ नंतरच्या पंधरावीस वर्षांतील रॉक संगीत असा त्याचा आशय होता. ‘अभिजात’ म्हटले की आपल्यापुढे शतकांचा काळ उभा राहतो. येथे वीस वर्षेही पुरेशी ठरली. याचे कारण असे की, ‘जुनी गाणी’ या अर्थाचे ‘ओल्डीज’ हे नाव त्यापूर्वीच्या गीतांसाठी अगोदरच गुंतलेले होते. चिन्हाचे मूल्य त्याच व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे तंतोतंत लागू पडतो. मराठीत ‘आपण’ आहे म्हणून ‘आम्ही’चा अर्थ ऐकणाऱ्यास वगळण्यापुरता आखला गेला, इंग्रजीतील ‘वुई’ला तशी सीमा नाही. त्याचप्रमाणे ‘क्लासिक’ या शब्दाचा अर्थ त्याच्या प्राचीनतेत नसून शेजारच्या नावांत आहे.

आता न्यूयॉर्ककडे वळू. तेथील १०२.७ मेगाहर्ट्झवरील डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएम या केंद्राने १९६७ पासून रॉक संगीतास वाहून घेतले. १९८५ मध्ये ९२.३ वर ‘के-रॉक’ हे केंद्र आले व त्याच दशकात ते ‘क्लासिक रॉक’कडे वळले. जानेवारी १९९६ मध्ये त्याने हे संगीत सोडून ‘ऑल्टरनेटिव्ह’ या नावाने ओळखले जाणारे नवे रॉक स्वीकारले. त्याच वर्षी १०४.३ वरील ‘क्यू १०४.३’ हे केंद्र ‘क्लासिक रॉक’ झाले. पुढे १९९९ मध्ये १०२.७ ने रॉक संगीताचा त्याग करून संभाषणपर कार्यक्रम सुरू केले. ध्वनिव्यवस्थेत एक जागा रिकामी झाली असता शेजारचा ध्वनी तिकडे सरकतो, असे विवेचन आंद्रे मार्तिने यांनी १९५५ मध्ये केले होते. त्याचे स्मरण करून देणारा हा क्रम आहे.

तथापि केंद्रे एकाच जागेसाठी झटतात का आणि रिकाम्या जागा का राहतात, याचे उत्तर अर्थशास्त्राकडे आहे. पीटर स्टायनर यांनी १९५२ मध्ये मांडलेली उपपत्ती एका कल्पित उदाहरणाने सांगता येईल. समजा, ९० श्रोत्यांना रॉक हवे आहे व २० श्रोत्यांना जाझ. तीन स्वतंत्र केंद्रे असतील तर तिन्ही रॉकच वाजवतील. कारण रॉकमधील वाटणीचे ३० श्रोते जाझच्या २० पेक्षा अधिक आहेत. पण तिन्ही केंद्रे एकाच मालकाची असतील तर तो रॉकसाठी एकच केंद्र ठेवील व दुसरे जाझला देईल. कारण स्वतःचेच श्रोते स्वतःकडून हिरावून घेण्यात त्यास लाभ नाही. म्हणजे स्पर्धेतून सारखेपणा आणि एकाधिकारातून विविधता असा विपरीत निष्कर्ष निघतो.

या निष्कर्षास १९९६ च्या अमेरिकन दूरसंचार कायद्यामुळे व्यावहारिक महत्त्व आले. एका मालकाने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा त्या कायद्याने दूर केली. ४५ किंवा अधिक केंद्रे असलेल्या बाजारपेठेत एका मालकास आठ केंद्रांपर्यंत मुभा दिली. त्यानंतर स्टीव्हन बेरी व जोएल वॉल्डफोगेल यांनी २००१ मध्ये दाखविले की, विलीनीकरणानंतर केंद्रांच्या संख्येच्या मानाने कार्यक्रम-प्रकारांची संख्या वाढली. स्टायनर यांच्या उपपत्तीस हे पोषक होते.

परंतु येथेच भाषाविज्ञानाची शंका उपस्थित होते. अशा गणनेचे एकक कार्यक्रम-प्रकार, म्हणजे व्यवहारात त्याचे नाव, हे असते. ‘क्लासिक रॉक’, ‘क्लासिक हिट्स’, ‘मेनस्ट्रीम रॉक’ ही नावे तीन. पण त्यांखाली वाजणारी गीते कितपत भिन्न आहेत? ‘फ्यूचर ऑफ म्यूझिक कोअ‍ॅलिशन’ या संस्थेने २००२ मध्ये केलेल्या पाहणीत निरनिराळ्या नावांच्या काही प्रकारांत सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत गीते सामाईक आढळली. कालाचा परिणामही लक्षात घ्यावा. ‘निर्वाणा’ या वाद्यवृंदाची १९९१ मधील गीते ‘ऑल्टरनेटिव्ह’ म्हणून गाजली. आज तीच अनेक ‘क्लासिक रॉक’ केंद्रांवर ऐकू येतात. गीतातील एक स्वरही बदलला नाही. नाव मात्र बदलले.

दोन ध्वनी भिन्न स्वनिम आहेत की नाहीत हे ठरविताना आपण एकाच्या जागी दुसरा ठेवून अर्थ पालटतो का ते पाहतो. हीच कसोटी येथे वापरावी. दोन केंद्रांची नावे परस्परांत बदलली असता नेहमीच्या श्रोत्यास गीतांवरून अदलाबदल ओळखता येते काय? येत असेल तर भेद खरा. येत नसेल तर तो केवळ नामभेद होय. मालकीचे केंद्रीकरण श्रोत्यास हितावह आहे की नाही, या वादात दोन्ही पक्ष विविधतेची मोजदाद पुढे करतात. ती मोजदाद नावांची आहे की गीतांची, एवढे तरी आधी विचारले पाहिजे.