नाकाचे ‘हाड’ : कापायचे की सरळ करायचे?

‘‘डॉक्टर, नाकाचे हाड वाढलंय म्हणतात. ऑपरेशन केलं तरी ते पुन्हा वाढतं ना?’’ हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. या भीतीपोटी लोक वर्षानुवर्षे तोंडाने श्वास घेत राहतात आणि नाक मोकळे करणाऱ्या थेंबांची बाटली खिशात बाळगतात. हे थेंब आठवडाभरापेक्षा जास्त वापरले तर त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागते.

मुळात हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा वाकडा झालेला असतो. पडद्याचा पुढचा भाग लवचिक कूर्चेचा आणि मागचा पातळ हाडाचा असतो. तो अगदी सरळ असलेली माणसे थोडीच. त्रास नसेल तर वाकड्या पडद्याला हात लावण्याचे कारण नाही.

त्रास असेल तर पूर्वी सर्रास ‘एसएमआर’ ही शस्त्रक्रिया होत असे. शिकागोचे फ्रीअर (१९०२) आणि जर्मनीचे किलियन (१९०४) यांनी ती रूढ केली. पडद्याचे अस्तर दोन्ही बाजूंनी सोडवायचे, मधली वाकडी कूर्चा व हाड काढून टाकायचे आणि आधारासाठी वर व पुढे सुमारे एक सेंटीमीटरची पट्टी ठेवायची, अशी ही पद्धत. श्वास मोकळा होई; पण जास्त कापले गेले तर नाकाचा कणा खचे, पडद्याला भोक पडे आणि श्वास घेताना शिटी वाजे! शिवाय वाक अगदी पुढे असेल तर ही पद्धत लंगडी, कारण नेमकी तीच पट्टी राखावी लागते.

पुढे शिकागोच्याच कॉटल यांनी ‘सेप्टोप्लास्टी’ला वळण दिले. वाकलेली चौकट सुतार फेकून देत नाही, तासून पुन्हा बसवतो; तसेच हे. अस्तर शक्यतो एकाच बाजूने सोडवतात, अगदी जरूर तेवढेच काढतात आणि उरलेला पडदा मध्यावर आणून बसवतात. आज बहुतेक ठिकाणी हीच शस्त्रक्रिया होते. कूर्चा मात्र हट्टी असते, कधीकधी थोडी मूळ वळणावर जाते. ‘पुन्हा वाढते’ या समजुतीत तथ्य असेल तर एवढेच. बऱ्याचदा खरा दोषी ॲलर्जी असते. शिंका, खाज, पाणी गळणे यांवर पडदा सरळ करून उपाय होत नाही. त्याचे औषध वेगळे घ्यावे लागते.

दुर्बिणीचे आकर्षण हल्ली फार. पडद्याच्या मागच्या भागात काट्यासारखे टोक असेल तर दुर्बिणीतून लहानशा छेदाने ते नेमके काढता येते. पुढच्या वाकाला तिचा विशेष उपयोग नाही. तेव्हा ‘‘माझा वाक नेमका कुठे आहे?’’ हे तज्ज्ञांना आधी विचारावे. मुलांच्या बाबतीत, फारच अडचण नसेल तर, नाकाची वाढ पुरी होईपर्यंत थांबतात.

शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस नाकात बोळे ठेवतात. काही सर्जन त्याऐवजी आतून टाके घालतात. पुढे काही दिवस नाक शिंकरू नये. बोळे काढल्यावर दोन्ही नाकपुड्या एकाएकी गच्च झाल्या, ठणका लागला किंवा ताप आला तर पडद्यात रक्त साकळल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. चेंडू लागून मुलाचे नाक असेच दोन्हीकडून बंद झाले तरीही थांबू नये. साकळलेल्या रक्तात पू झाला तर थोड्याच दिवसांत कूर्चा नष्ट होऊन नाक बसते.