जुने घर : आधी कागद, मग छप्पर, शेवटी रंग

गोसीखुर्दच्या धरणाने आम्हा वैनगंगाकाठच्या माणसांना घराची किंमत शिकविली. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या धरणाचे भूमिपूजन झाले. २००९ साली केंद्र सरकारने त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. अकरा किलोमीटरहून लांब भिंतीमागे पाणी चढत गेले आणि नदीकाठची गावे उठली. कोणी पुनर्वसनाच्या गावठाणात नवे घर बांधले. कोणी जुन्या घराच्या चौकटी, मयाली आणि कवेलू बैलबंडीत भरून सोबत आणले. कोणी मोबदल्याची रक्कम हाती धरून पवनीत, भंडाऱ्यात, नागपुरात तयार जुने घर शोधू लागले.

जुने घर घेण्यात कमीपणा काही नाही. विडी वळणाऱ्या, माग चालविणाऱ्या, रोजीने जाणाऱ्या कुटुंबाला नवे घर एकदम बांधणे परवडत नाही. जुने घर घ्यावे, त्यात राहावे आणि हातात पैसा येईल तसे ते सुधारत जावे, हा शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र तो पाच-सात वर्षांचा मार्ग आहे, हे पहिल्याच दिवशी मनाशी धरले पाहिजे. आपल्याकडे घर घेतल्याबरोबर भिंती रंगतात, दारावर नाव लागते, वास्तूत बुद्धवंदना होते, जेवणावळ उठते. आणि मृगाच्या पहिल्या पावसात रंगलेल्या भिंतीवरून पाण्याचे ओघळ उतरतात. काही ठिकाणी तर त्याआधीच विकणाऱ्याचा भाऊ दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, ‘माझा हिस्सा कुठे आहे?’

लंडनच्या घराचा धडा

एक जुने घर आपण सर्वांनी मिळून घेतलेले आहे, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांच्या अभ्यासाचे ते दिवस. २०१४ साली हे घर विक्रीस निघाले. ब्रिटनमधील आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने ही गोष्ट महाराष्ट्र शासनाच्या कानावर घातली, पाठपुरावा केला आणि २०१५ साली शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक किंमत मोजून ते घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले.

येथे गोष्ट संपली असे आपल्याला वाटले. पण त्या घराची सरकारी नोंद ‘राहते घर’ अशी होती. संग्रहालय म्हणून ते वापरायचे तर कॅम्डेन या स्थानिक परिषदेची वेगळी परवानगी लागत होती. काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली. २०१८ साली परिषदेने परवानगी नाकारली. प्रकरण अपिलात गेले, २०१९ साली रीतसर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली. उद्घाटनानंतर चार वर्षांहून अधिक काळ त्या घरावर टांगती तलवार होती.

शासनाजवळ वकील होते, पैसा होता आणि मागे जगभरचा आंबेडकरी समाज होता, म्हणून घर हातचे गेले नाही. आपल्या कुटुंबाजवळ यातले काहीच नसते. म्हणून आपल्याला कागदाचे काम आधी करावे लागते.

कागद

पहिली गोष्ट. घरटॅक्सची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे मालकी नव्हे. तो कर आकारणीचा उतारा आहे. शहरात आखीव पत्रिका काढून पाहावी. गावठाणात, २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका मागावी. त्यावर नाव कोणाचे, क्षेत्र किती, बोजा आहे काय, हे स्वतः वाचावे. घरात शिकलेली मुलगी असेल तर तिला वाचायला सांगावे.

दुसरी गोष्ट. स्टॅम्पपेपरवर नोटरीपुढे केलेली सौदाचिठ्ठी म्हणजे खरेदी नव्हे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावे लागते. खर्च वाचवायला चिठ्ठीवर घर घेणारा पुढे कोर्टात त्याच्या कितीतरी पट घालवितो.

तिसरी गोष्ट. विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावचे घर असेल, तर सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. वारसांत बहिणीही येतात. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. स्त्रीच्या याच हक्कासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले होते. ते रखडले, हे १९५१ साली त्यांनी दिलेल्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी दुसऱ्याच्या बहिणीचा हक्क डावलून घर घेऊ नये. व्यवहार म्हणूनही ते घर टिकत नाही.

चौथी गोष्ट आमच्या भागापुरती. घर पुनर्वसनाच्या गावठाणातले असेल, किंवा त्याची जमीन भोगवटादार वर्ग-२ ची असेल, तर तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय इसार देऊ नये. अशा जागेच्या विक्रीला परवानगी लागू शकते. घर बुडीत क्षेत्रात संपादित झालेले तर नाही ना, हेही विचारून घ्यावे. स्वस्तात मिळणाऱ्या घरामागे कधी कधी हेच कारण असते.

खरेदी घरातल्या बाईच्या नावे करावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. सवलतीपेक्षाही मोठी गोष्ट ही, की दारूपायी किंवा कर्जापायी घर परस्पर विकले जात नाही.

गावाच्या मध्यातले घर

जुनी चांगली घरे बहुधा गावाच्या मध्यात असतात आणि आपली वस्ती कडेला. त्यामुळे आपल्या माणसाने मधले घर मागितले, की ठरलेला सौदा आडनाव कळल्यावर मोडतो. ‘भाऊ नाही म्हणतो’ एवढे कारण पुढे येते. अशा वेळी तोंडी बोलण्यावर राहू नये. इसार बँकेतून द्यावा, इसारपत्रात मुदत लिहून घ्यावी, दोन साक्षीदार घ्यावेत. घर घेतल्यावर कोणी पाणी, रस्ता, दुकान बंद करण्याची भाषा केली, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक बहिष्कार हाही गुन्हा ठरला आहे, हे माहीत असावे. त्याच वेळी शेजारधर्म आपल्याकडून आधी पाळला जावा. कायदा पेटीत असावा आणि तोंडात जयभीमसोबत गोड शब्द असावा.

पहिला पावसाळा

घर ताब्यात आले, की पहिला पावसाळा ते नुसते पाहावे. पाणी कोठून गळते तेथे खडूने खूण करावी. पन्हाळीचे पाणी कोठे पडते, अंगणातले पाणी जोत्याकडे येते की बाहेर जाते, कोणती भिंत दिवाळीपर्यंत ओली राहते, हे वहीत लिहावे. भिंतीला तडा असेल तर त्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवून तारीख घालावी. पट्टी फाटली तर भिंत अजून सरकते आहे. तेथे गवंडी आधी, रंगारी नंतर.

लाकूड हाताने तपासावे. खांबाचे बूड आणि भिंतीत शिरलेले मयालीचे टोक, ही उधईची आवडती ठिकाणे. हातोडीने ठोकून पाहावे. भरीव लाकूड टणक वाजते, खाल्लेले पोकळ वाजते. खिळा सहज आत जात असेल तर ते लाकूड बदलायचेच. चांगला जुना साग मात्र काढून विकू नये. तसा साग आज विकत घेणे आपल्या आवाक्यात राहिलेले नाही.

छप्पर, मग भिंती

पहिला खर्च छपराचा. सगळी रक्कम खरेदीत घालून बसू नये. छपराचे पैसे बाजूला ठेवूनच किंमत बोलावी. शाकारणी उन्हाळ्यात उरकावी. वानरांनी फोडलेले कवेलू बदलावेत, कुजलेले फाटे आणि बांबू काढावेत. टिना टाकायच्या असतील तर छप्पर उंच घ्यावे आणि वरून गरम हवा जायला वाट ठेवावी. नाहीतर मे महिन्यात लेकरांना घरात बसवत नाही.

मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकण्याचा मोह मात्र टाळावा. मातीची भिंत कवेलूंचा भार पेलते, काँक्रीटचा पेलत नाही. स्लॅब हवाच असेल तर स्वतंत्र खांब उभारावे लागतात आणि ते जाणकार माणसाला विचारूनच.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भिंती घ्याव्यात. मातीच्या ओल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, की आतली ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. तेथे मातीचा किंवा चुन्याचा गिलावा चांगला, त्यातून भिंत वाळते. घराभोवती नाली काढून पाणी दूर नेले, तर अर्धी ओल तिथेच थांबते. या कामाला पैसा कमी आणि घाम जास्त लागतो. तरुण मुलांनी दोन रविवार दिले तरी ते होते.

मग संडास, न्हाणी आणि वीज. जुनी वायर पूर्ण काढावी, अर्थिंग करून घ्यावे, शॉक लागताच वीज तोडणारा स्विच बसवावा. ओल्या भिंतीतली उघडी वायर जीव घेते. स्वयंपाकघरात धूर जायला वाट आणि उजेड यायला खिडकी, हे बाईच्या सल्ल्याने करावे, कारण आयुष्याचा मोठा भाग तिचाच तेथे जातो. अभ्यासाला एक कोपरा आणि पुस्तकांना एक फळी पहिल्याच वर्षी असावी. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी दादरला राजगृह बांधले, ते पुस्तकांचा विचार मनात धरूनच. आपली फळी लहान असेल, पण ती असावी.

पैशासाठी बचत गट, भविष्यनिर्वाह निधीतील घरासाठीची उचल, हे मार्ग आधी पाहावेत. सावकार शेवटचाही नको. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. तिचा लाभ घ्यायलाही जागा आपल्या नावावर असावी लागते, म्हणजे पुन्हा कागदच आडवा येतो.

थोडे थोडे

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. तेथे प्राचीन स्तूप उजेडात आला. तो एका काळात उभा राहिलेला नाही. आधीच्या कामावर पुढच्या लोकांनी भर घातली, त्याचा घेर वाढविला. सापडलेल्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. ज्याला जेवढे जमले तेवढे त्याने दिले आणि पुढचे काम पुढच्यांवर सोपविले.

घराचेही असेच करावे. एक जाड वही आणावी. पहिल्या पानावर खरेदीखताचा क्रमांक आणि तारीख, पुढे कोणत्या वर्षी काय काम झाले, किती पैसे लागले, ते कोणाच्या कमाईतून आले, हे लिहावे. आईने विड्या वळून कवेलू आणले असतील तर तसे लिहावे. मुलीच्या पहिल्या पगारातून संडास झाला असेल तर तेही. मूळ कागद पेटीत, त्यांच्या झेरॉक्स दुसऱ्या घरी. वहीत शेवटची ओळ रंगाची आली तरी बिघडत नाही.